अकरा गल्ल्यांची यादी

१

सात नंबरचा नकाशा नाहीसा झाल्याचं बुधवारी सकाळी सव्वादहाला उघडकीला आलं, आणि साडेदहापर्यंत तो कुणी चोरला हेही कचेरीनं ठरवून टाकलं. राहिली होती ती फक्त चौकशी. ती करायला बाईंना बोलावलं.

बाई म्हणजे खात्याच्या चौकशी अधिकारी. नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. शिपायापासून मंत्र्यांपर्यंत सगळे नुसतं बाईच म्हणत. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि गुडघे तर त्यांच्याही आधीच निवृत्त होऊन बसले होते. तीस वर्षं लोकांनी सांगितलेलं खोटं ऐकायचं आणि सुवाच्य अक्षरात उतरवायचं, हाच धंदा. पूर्वी खोटं ऐकलं की राग येई, हल्ली जांभई येते.

मतदारसंघांच्या सीमा ठरवणारं आखणी कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नेमकी बंद. दोनदा थांबून बाई वर पोचल्या, तर सचिवसाहेब दारातच उभे. कडक इस्त्री, मऊ बोलणं.

"तुमचा फार वेळ घेणार नाही, बाई. एक पान पुरे."

"कशाबद्दल ते तरी कळू द्या."

साहेबांनी खुर्ची दिली आणि सांगितलं. नव्या सीमांचे बारा नकाशे शुक्रवारी दुपारी बाराला जाहीर व्हायचे होते. समितीच्या तिघांनी सोमवारी त्यांच्यावर सह्या केल्या आणि सोमवारीच समितीची मुदत संपली. म्हणजे पुन्हा सह्या घ्यायची सोय नाही. संगणकातल्या प्रतीला कायदा विचारत नाही, त्याला शाईची सही लागते. शुक्रवारी बारापर्यंत सातवा नकाशा हाती आला नाही, तर त्या मतदारसंघाची जुनीच सीमा पुढची पाच वर्षं कायम.

"कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक आमच्या नकाशाकाराकडे, तात्यांकडे. मी मंगळवारी दिवसभर बाहेरगावी बैठकीत होतो. आता तुम्हीच काय ते समजा." साहेबांनी खणातून एक पत्र काढून समोर ठेवलं. तात्यांच्या बडतर्फीचं. चौतीस वर्षांची नोकरी निवृत्तिवेतनासकट खलास. फक्त तारखेची जागा कोरी होती.

"चौकशीच्या आधीच?"

"वेळ वाचतो," साहेब म्हणाले. "आणि हे तुमच्या नेमणुकीचं पत्र. कुणालाही विचारायचे, कुठलाही कागद ताब्यात घ्यायचे पूर्ण अधिकार दिलेत. कसलीही कसर नको."

बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं आणि कपाटाकडे गेल्या. रुंद, उथळ खणांचं लोखंडी कपाट. वरच्याच खणात नकाशे आडवे पसरून ठेवलेले, एकेक अर्ध्या दाराएवढा. प्रत्येकावर शाई पुसू नये म्हणून एक पातळ कागद आणि चार कोपऱ्यांवर चार चपटी वजनं. बाईंनी एकेक उचलून मोजलं. नकाशे अकरा भरले. पातळ कागद मात्र बारा.

सहा आणि आठ या नकाशांच्या मधे सातव्याचा पातळ कागद होता. कडेला कड जुळवलेला, एकही सुरकुती नाही, चारी वजनं जागच्या जागी. चोरानं नकाशा नेला होता आणि जाताना अंथरूण नीट घालून ठेवलं होतं.

२

दाराशी दफ्तरी बसत. समोर हे जाडजूड रजिस्टर. कचेरीत कुणी शिंकलं तरी दफ्तरी नोंद करतात अशी थट्टा होती, आणि तिच्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

"आधीच सांगून टाकतो," ते म्हणाले. "सात नंबरात काचभट्टीची वस्ती येते ना, माझी सून तिथलीच. मागाहून कुणी सांगितलं म्हणजे वाटायचं, म्हातारा लपवतोय."

"बरं केलंत. मंगळवार वाचा."

दफ्तरींनी चष्मा लावला. "तात्या नऊला आत. दुपारी एकला अर्ध्या दिवसाची रजा, बाहेर. तीन वाजता काचभट्टीच्या दवाखान्यातली ताई आक्षेप घेऊन आली, मुदत संपली म्हणून साहेबांच्या आदेशानुसार परत. साडेचारला तात्या आत. बूट चिखलाचे, जिना पुसावा लागला."

"रजा काढून परत आले?"

"तेच म्हणतो मी. तात्या म्हणाले, काम राहिलंय. पाचला भांडारातून सामान दिलं त्यांना. रबर दोन, पांढरा मोठा कागद एक, टाचण्यांची डबी एक. सहाला सगळे बाहेर."

"आणि नकाशा?"

दफ्तरींना ते लागलं. "बाई, या दारातून साधी वळकटी गेली तरी मी सोडून बघतो. मंगळवारी इथून माणसं आणि जेवणाचे डबे एवढंच बाहेर गेलं. आणि नकाशाची वळकटी करून बघा तुम्ही. या जाड कागदावरची शाई तडकते. तात्यांचा जीव जाईल." मग हसून म्हणाले, "त्यांचं टेबल बघितलंत ना? चौतीस वर्षांच्या चहाच्या गोलांचा तो एक निराळाच नकाशा आहे. पण कामाच्या कागदाला मात्र बोट लावू द्यायचे नाहीत."

आतल्या खोलीत संगणकावर एक मुलगी बसली होती. डोळे रडून लाल.

"तात्यांना काढणार का हो, बाई?"

"तू नकाशावर काय काम केलंस ते सांग आधी."

तिनं शेजारची कागदांची फाइल उघडली. सातव्या नकाशाला जोडलेली एक यादी होती. काचभट्टीच्या वस्तीतल्या अकरा गल्ल्या. पहिल्या चार सहा नंबरच्या मतदारसंघात ढकललेल्या, पुढच्या चार आठ नंबरात, शेवटच्या तीन सातातच. खाली सचिवांची सही. बाईंनी क्रम वाचला. सातवी गल्ली, तिसरी, अकरावी, पहिली; नववी, चौथी, दहावी, दुसरी; सहावी, आठवी, पाचवी.

"असा उलटसुलट क्रम का गं?"

"मलाही खटकलं होतं. तात्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय, यादी नेहमी वायव्य कोपऱ्यापासून लिहायची, आपण चालत निघालोय अशी. ही साहेबांनी हातानं लिहून दिली. मी म्हटलं, क्रम लावून घेते. तर म्हणाले, आहे तशी टाइप कर, डोकं चालवू नकोस."

"ती हातची चिठ्ठी?"

"परत मागून घेतली. पण टाइप केलेल्या प्रतीवर सही केली त्यांनी. न वाचताच केली."

बाईंनी यादी पुन्हा वाचली. चालत जाणारा माणूस सातवीतून तिसरीत, तिथून एकदम अकरावीत जाणार नाही. हा क्रम कुणाच्या पायांनी लावलेला नव्हता. मग कशानं लावला होता?

३

तात्या खिडकीजवळच्या टेबलापाशी पेन्सिलीला टोक करत बसले होते. बाईंना बघून उठले. सडपातळ, वाकलेले, नखांत शाई मुरलेली.

"चहा सांगितलाय," ते म्हणाले. "चौकशी झाली म्हणून काय, पाहुणचार सोडायचा नाही."

चहा आला. बाईंनी पेला टेबलावर ठेवायला हात पुढे केला, तर तात्यांनी तो वरच्यावर घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "इथं ठेवा. तिथं सांडेल."

टेबल पांढरं स्वच्छ होतं, कोपऱ्याकोपऱ्याला चकचकीत टाचण्या.

"नकाशा तुम्ही नेलात?"

"मी तो या खोलीबाहेर नेलेला नाही."

"मंगळवारी दुपारी कुठं होता?"

"रेषा चालत होतो." बाईंच्या कपाळावर आठी दिसली तसे तात्या समजावू लागले. "माझी जुनी खोड आहे. सीमा शाईनं पक्की केली की मी ती एकदा पायांनी चालतो. आधी नाही, नंतर. बारापैकी अकरा चालून झाल्या होत्या. सातवी राहिली होती, म्हणून मंगळवारी गेलो."

"नंतर चालून काय उपयोग?"

"उपयोग काही नाही. आपण काय केलं ते दिसतं, एवढंच."

"काय दिसलं?"

तात्यांनी पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासलं.

"तुम्हीच चालून या, बाई. गुडघे दुखतील, पण जाऊन या."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर मागून तात्यांचा आवाज आला, "साहेबांनी पत्र तयार ठेवलंय ना माझं?"

"ठेवलंय."

"तारीख घातली?"

"नाही अजून."

तात्यांनी मान हलवली आणि पुन्हा पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक तर आधीच झालेलं होतं.

४

गुरुवारी सकाळी बाई काचभट्टीच्या वस्तीत उतरल्या. भट्टी कधीच बंद पडलेली, धुराडं तेवढं उभं. अकरा गल्ल्या, बुटकी घरं, वाटेवर काचेच्या चुऱ्याचा आणि पाण्याचा चिखल. हातात सातव्या नकाशाची छापील प्रत घेऊन बाई रेषा शोधू लागल्या. रेषा सरळ जाईना. एका गल्लीला वळसा घालून दुसरीच्या पोटात शिरायची, मधली एक सोडून तिसरीला कवेत घ्यायची. एका ठिकाणी बायका सार्वजनिक नळावर भांडत होत्या. नळ सहा नंबरात, घागरी सात नंबरात आणि भांडण आठ नंबरात चाललं होतं. बाईंना हसू येऊन गेलं, आणि त्या हसण्याचाच वैताग आला.

रेषेनं शेवटी त्यांना दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर बाकावर रांग. तिथली परिचारिका म्हणजेच ती ताई. आवाज बसलेला, बाह्या वर सारलेल्या.

"मंगळवारी एक म्हातारे आले होते," ती म्हणाली. "चिखलाचे बूट. याच पायरीवर तासभर बसले. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, दुखत काही नाही, नुसता बसतो."

"बोलले काही?"

"दवाखाना कधी झाला विचारलं. मी सांगितलं, अकरा वर्षं अर्ज करत होतो, कुणी ढुंकून बघत नव्हतं. गेल्या निवडणुकीला अकराही गल्ल्यांनी मिळून मलाच उभं केलं, निवडून आणलं, तेव्हा कुठं या दोन खोल्या झाल्या. आता म्हणे आमची वाटणी होणार. मग बराच वेळ ते वाचत बसले." तिनं भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर गेल्या निवडणुकीचा निकाल चिकटवलेला होता. दर गल्लीची मतपेटी वेगळी, म्हणून दर गल्लीचा आकडा वेगळा. ताईला जास्तीत जास्त मतं देणारी गल्ली सगळ्यात वर, मग खाली उतरत उतरत. बाईंनी कचेरीतून ताब्यात घेतलेली सचिवांची यादी पर्समधून काढून शेजारी धरली आणि दोन्ही कागदांवर दोन बोटं ठेवली.

सातवी. तिसरी. अकरावी. पहिली. नववी. बोटं बरोबरीनं खाली उतरत गेली. शेवटची पाचवी येईपर्यंत एकदाही चुकली नाहीत.

बाई बाकावर बसल्या. सहा आणि आठ नंबरांत बंगल्यांच्या मोठमोठ्या वसाहती, तिथं सरकारपक्षाला ढिगानं मतं. तिथं या चार-चार गल्ल्या टाकल्या की पाण्यात मीठ टाकल्यासारख्या दिसेनाशा व्हायच्या. सातात ठेवलेल्या तीन गल्ल्या सगळ्यात नरम, त्यांच्याच्यानं काही होणार नव्हतं. एकाही माणसाचं मत कुणी काढून घेतलेलं नव्हतं, फक्त ते मत कशाच्याही कामाला येऊ नये अशी तजवीज केलेली होती. आणि आखणी कार्यालयाचा पहिला नियम असा, की तिथं माणसांची डोकी मोजायची. कुणी कुणाला मत दिलं त्याचा कागद त्या दारातून आतच यायचा नाही. निकालाचा हा कागद समोर ठेवूनच कुणीतरी यादी उतरवली होती, आणि घाईत क्रम बदलायचंसुद्धा विसरलं होतं.

"हा कागद मला द्याल?" बाईंनी विचारलं.

संध्याकाळी घरी धाकट्या बहिणीनं गरम पाण्याची पिशवी गुडघ्यांवर ठेवली. "अगं, चार महिने राहिलेत. कुणाशी वाकडं घेऊ नकोस बाई आता."

"एक पानच लिहायचंय गं," बाई म्हणाल्या.

पण जेवताना त्यांचा हात मधेच थांबला. बहिणीनं पाण्याचा तांब्या ठेवण्याआधी मेजावरचं पुस्तक उचलून बाजूला केलं होतं. पुस्तक भिजू नये म्हणून. बाई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या, आणि नकाशा कुठं आहे ते त्यांना कळलं.

५

शुक्रवारी दहा वाजता बाई तात्यांच्या खोलीत शिरल्या. हातात चहाचा पेला, काठोकाठ भरलेला. सरळ टेबलापाशी जाऊन त्यांनी तो पांढऱ्या कागदावर टेकवायला घेतला.

"नको," तात्या म्हणाले. एवढंच. पण आवाज कापला.

बाईंनी पेला खिडकीत ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. "चोराला घाई असते, तात्या. तो पातळ कागद चुरगाळून टाकेल, वजनं खाली पाडेल. हा चोर मात्र सहाव्या नकाशाची शाई आठव्याला लागू नये म्हणून कागद परत नीट पसरत बसला. अशी काळजी या कचेरीत एकच माणूस घेतो. मग नकाशा गेला कुठं? दारातून गेला नाही, दफ्तरी डबेसुद्धा मोजतात. वळकटी तुमच्याच्यानं झाली नसती, आणि फाडणं तर लांबच. म्हणजे तो याच खोलीत, आडवा, सपाट. मंगळवारी पाचला तुम्ही मोठा पांढरा कागद घेतलात आणि टाचण्या. चौतीस वर्षं ज्या टेबलावर चहाचे गोल उमटले, तिथं परवा माझा पेला तुम्हाला चालला नाही."

तात्यांनी वाद घातला नाही. एकेक टाचणी काढून डबीत टाकली आणि वरचा कागद उचलला. खाली दुसरा पातळ कागद होता, आणि त्याच्याखाली सातवा नकाशा, तीन सह्यांसकट.

"रेषेपलीकडे कोण राहतं ते विचारायचं नाही, असंच शिकलो," तात्या म्हणाले. "सांगितलेली रेषा बारीक आणि स्वच्छ काढायची. ही तर फारच सुरेख जमली होती, बाई. मनातून खूश होतो मी. मंगळवारी चालत गेलो आणि त्या भिंतीवरचा कागद वाचला. यादी मला पाठ होती. माझ्याच हातानं झालं सगळं. लाज वाटली, दुसरं काय सांगू?"

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"शुक्रवारचे बारा वाजेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. पुढं काय व्हायचं ते होवो."

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेदहा. "मी लिहू शकते की नकाशा टेबलावरच्या कागदाखाली नजरचुकीनं राहिला. तुमची नोकरी वाचेल."

"आणि साहेब विचारतील, टाचण्या नजरचुकीनं लागल्या का? भांडाराची नोंद आहे. तुमचं एक खोटं सापडलं की ते यादीसुद्धा खोटी ठरवतील." तात्यांनी मान हलवली. "सगळं खरं लिहा. मी घेतला, मी लपवला. माझ्यापासून सुरुवात करा, म्हणजे पुढचं त्यांना नाकारता येणार नाही."

तीस वर्षांत बाईंना असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं. पान एकच झालं, पाठपोट.

साडेअकराला सचिवसाहेब आले. नकाशा बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "शाब्बास, बाई. आणा इकडे, अर्धा तास आहे अजून."

"देता येणार नाही. पुरावा म्हणून ताब्यात घेतलाय. अहवालावर निर्णय होईपर्यंत तो मोहोरबंद राहील."

"कुणाच्या अधिकारानं?"

बाईंनी त्यांचंच पत्र उलगडून समोर ठेवलं. मग त्याच्याशेजारी सहीची यादी आणि भिंतीवरून सोडवून आणलेला निकाल. "हे दोन कागद एकाच क्रमानं कसे, तेवढं लेखी कळवा. चिठ्ठी तुम्ही परत घेतलीत, पण सही इथंच राहिली. प्रती वर गेल्यात."

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. त्यांचा चेहरा उतरला, मग हळूहळू पुन्हा इस्त्री केल्यासारखा झाला.

"जुनी सीमा पाच वर्षं," ते शांतपणे म्हणाले. "मग पुन्हा आखणी आहेच. तेव्हा तुम्ही नसाल, बाई."

"नसेन."

"यादीचा क्रम बदलायला तेव्हा कुणी विसरणार नाही."

"तेही खरं," बाई म्हणाल्या. त्या इतक्या थकल्या होत्या की त्यांना भांडावंसंही वाटेना.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, तात्यांच्या पत्रावर तारीख घातली आणि ते टेबलावर सरकवलं. तात्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, पोच म्हणून सही केली. अक्षर नकाशावरच्या नावांसारखंच, रेखीव.

"अपील करा," साहेब गेल्यावर बाई म्हणाल्या. "नकाशाला ओरखडासुद्धा नाही, तो खोलीबाहेर गेला नाही, हे मी लिहिलंय."

"करतो की. खेटे घालायला मला काही वाटत नाही, चालायची सवय आहे." मग त्यांनी बाईंच्या हातातली लाख आणि दोरी बघितली. "एक मिनिट थांबा हं."

त्यांनी पातळ कागद नकाशावर अंथरला, कडेला कड जुळवली, तळहातानं मधून बाहेर दोनदा फिरवून सुरकुती घालवली. "आता बांधा."

बारा वाजता अकरा नकाशे जाहीर व्हायला बाहेर गेले. त्यांच्यामागून तात्या निघाले. दाराशी दफ्तरींनी नेहमीप्रमाणे रजिस्टर पुढे ओढलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "तात्या बाहेर, बारा वाजून दहा. हातात डबा. बूट स्वच्छ." मग पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं, तात्यांकडे बघवेना म्हणून बाईंकडे.

"बाई, परत येण्याची वेळ काय लिहू?"

तात्या जिना उतरू लागले होते. बाईंनी कठड्याला हात धरला, एक पायरी उतरल्या, थांबल्या.

"कोरी ठेवा," त्या म्हणाल्या. "अपील व्हायचंय अजून."